माळवदावरची पाटी

सावरखोऱ्यात शिरलं की घरांची एक लांब ओळ दिसते. सगळी छपरं दोन पाखांची, उतरती, पावसाळी मुलखात असायची तशी. ओळीच्या मधोमध एका घरावर मात्र सपाट मातीचं माळवद. पाहुणा हमखास विचारतो, "याचं छप्पर करायचं राहून गेलं का?" मग राघूतात्या शेडगे पानाला चुना लावत म्हणतात, "मुद्दाम तसंच ठेवलंय. बसा." आणि सांगू लागतात.

फार पूर्वी, म्हणे, इथली सगळी घरं गवतानं शाकारलेली होती, आणि एकमेकांना इतकी खेटून की एकाच्या वळचणीखाली दुसऱ्याची कोंबडी अंडं घालायची. गावचा जाणता होता हैबती शेडगे. डोकं तापट, पण शब्दाचा पक्का. त्यानं लेकासाठी दूर माणदेशातली सून आणली, सुंद्रा. लग्नाच्या पंगतीत आनंदाच्या भरात तो बोलून गेला, "सूनबाई, काय हवं ते माग."

त्याला वाटलं, पोर फार तर एखादं लुगडं मागेल. सुंद्रानं माळवद मागितलं. तिच्या माहेरी पाऊस नावालाच. तिथं घरावर लाकडं टाकायची, वर काटक्या अन् पाला, आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर चोपून बसवायचा. गवताखाली राहायची तिला धास्तीच वाटे.

"एक ठिणगी पडली तर काय करायचं, मामंजी?" ती म्हणाली.

पंगत खो खो हसली. पण शब्द देऊन झाला होता. हैबतीनं माळवद बांधून दिलं.

पावसाळ्यात ते गळू लागलं. खोऱ्यातला पाऊस तो, माणदेशातल्या मातीला काय दाद देणार! सुंद्रा एक भोक बुजवी, तोवर दुसरं पडे. चूल भिजली, जातं भिजलं. शेजारणी विचारत, "काय गं, माळवदावर भात लावलास का?" हैबतीला गावात तोंड दाखवायची चोरी झाली. त्यानं बजावलं, "शिमगा होऊ दे, मग हे खाली उतरवतो." सुंद्राला रडू फुटलं. परक्या मुलखात माहेरचं म्हणावं असं तेवढंच तिच्यापाशी होतं.

शिमगा सरला आणि हैबती कुदळ घेऊन वर चढला. एक कोपरा उकरून त्यानं माती खाली लोटली, आतली लाकडं उघडी पडली. तेवढ्यात डोंगरावरचा वणवा वाऱ्याबरोबर गावात उतरला. ओळीतलं पहिलं घर पेटलं, मग दुसरं. माणसं-गुरं बाहेर पळाली, पण कणग्यांतलं बियाणं घरातच राहिलं. ते सगळं जळालं असतं तर गावाला परागंदा व्हावं लागलं असतं.

"मामंजी, कोपरा बुजवा! आग हितंच अडंल!" असं ओरडत सुंद्रा शिडी चढून वर आली.

असं सांगतात की, ज्या हैबतीनं जन्मात डोक्यावर पागोट्याशिवाय काही घेतलं नव्हतं, त्यानं पागोटं भिरकावलं आणि मातीची पाटी डोक्यावर घेतली. तो पाट्या वाहत होता, ती ठिणग्या झेलत माती चोपत होती. गावकऱ्यांनी शेजारच्या वळचणीचं गवत ओढून काढलं. आग माळवदापर्यंत आली, मातीत तिला खायला काही मिळेना, आणि ती तिथंच विझली. पलीकडची सगळी घरं वाचली. त्या घरांतलं बियाणं वाटून घेऊन त्या साली अख्ख्या गावानं पेरणी केली.

"पोरी, मी शब्द मोडायला निघालो होतो," हैबती सगळ्यांदेखत म्हणाला, "तुझ्या मातीनं तो राखला."

माळवद पुढंही गळत राहिलं. पण मग गळलं की गावच माती घेऊन येई.

आजही शिमग्यानंतर माळवदावर नवी माती पडते. गावात नवी सून आली असेल, तर ती वर उभी राहते आणि तिचा सासरा डोक्यावर पाटी घेऊन शिडी चढतो. यंदा राघूतात्यांची पाळी होती. गुडघे कुरकुरत होते, खाली पोरं शिट्ट्या मारत होती. सुनेनं वरून हात पुढं केला. तात्यांनी आधी पाटी वर दिली, आणि मग तिचा हात धरला.