पट्टीचे दुसरे टोक

पूर्वी गंगेकाठच्या एका नगरात सुयाम नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व पट्टकारांच्या घरी जन्माला आले होते. पट्टकार म्हणजे तलम सुताच्या अरुंद पट्ट्या विणणारे कारागीर. राजाच्या कपाळी बांधायचा पट्ट असो की नवरीच्या केसांत गुंफायची पट्टी, ती त्यांच्याच आळीतून जाई. त्या जन्मी बोधिसत्त्वांचे नाव उपल होते. दोन बोटे रुंदीच्या पट्टीत ते असे हंस विणत की आळीतली पोरे त्या हंसांना दाणे टाकू पाहत.

सोणक हा त्यांचा शिष्य. पूर ओसरल्यावर तो घाटावर एकटाच रडत बसलेला सापडला होता. उपलांनी त्याला घरी आणले, पोटच्या पोरासारखे वाढवले आणि कामाला हाताशी घेतले. हे काम एकट्याचे नव्हे. ताणलेल्या धाग्यांचे एक टोक विणणाऱ्याच्या कमरेला बांधलेले असे आणि दुसरे टोक सोणक धरून बसे. भिंतीत खुंटी होती, पण उपल म्हणत, "खुंटी ताण धरते रे, पण सैल केव्हा सोडायचं ते तिला कळत नाही."

मधल्या जागी धागे शिंगाच्या पातळ चौकोनी चकत्यांच्या, म्हणजे पानांच्या, भोकांतून ओवलेले असत. पाने पुढे फिरवत गेले की नक्षी उमटे. पण पानांच्या पलीकडे तेच धागे एकमेकांभोवती पीळ घेत जात. म्हणून पट्टी अर्धी झाली की उपल थांबत, हात जोडून काहीतरी पुटपुटत, आणि मग पाने उलटी फिरवू लागत. पीळ हळूहळू उलगडे. पहिल्या अर्ध्यातले हंस पुढे चाललेले दिसत आणि दुसऱ्या अर्ध्यातले माघारी वळलेले. आचार्य थांबले की सोणक टोक खुंटीला अडकवून पाणी प्यायला निघून जाई. म्हाताऱ्याचे पुटपुटणे कोण ऐकत बसणार?

विणण्यात हात बसला आणि सोणकाला आकाश ठेंगणे झाले. तशातच राजाने युवराजाच्या अभिषेकासाठी पट्ट विणायला आचार्यांना बोलावले.

"पट्टावरचा एकही हंस माघारी वळलेला नको," राजा म्हणाला. "माझा मुलगा पुढेच जाणार आहे."

"महाराज, मध्यावर वळावंच लागतं," उपल म्हणाले. "नाही वळलं तर धागा सोसत नाही."

तेवढ्यात मागे उभा असलेला सोणक पुढे झाला. "महाराज, आचार्य आता थकले. जमत नाही, म्हणून नियम सांगतात. मी विणून देतो."

खाल्ल्या घरचे वासे मोजणारे सगळ्याच काळात असतात. हा तर त्या घरातच वाढला होता. राजाने काम सोणकाला दिले. उपलांना वाईट वाटले नाही असे नाही. मग त्यांनी कनवटीची पिशवी सोडून आपली शिंगाची पाने त्याच्या हाती ठेवली. "जुनी आहेत, हाताला बरी लागतात," ते म्हणाले. "विणताना अधूनमधून पानांच्या मागच्या बाजूला बघत जा."

सोणकाने दुसरे टोक राजवाड्यातल्या खांबाला बांधले आणि तो विणू लागला. कुसुंब्याच्या लाल रंगावर पांढरे हंस एकामागून एक पुढे निघाले. पाहणारे वाहवा करीत आणि सोणक मागे बघत नसे. पीळ वाढला, पाने फिरेनाशी झाली, तरी तो जोर लावून फिरवीतच राहिला. अभिषेक उद्यावर आला असताना, पट्ट अर्ध्याच्या जरासा पुढे गेला आणि धागे तटातट तुटले.

राजा संतापला. "याचा उजवा हात मनगटापासून तोडा!"

बातमी पट्टकारांच्या आळीत पोचायला वेळ लागला नाही. उपल तसेच उठून राजवाड्यात आले. सेवकांनी सोणकाला खांबाशी दाबून धरले होते. आचार्यांकडे बघायची त्याची छाती होत नव्हती.

"महाराज," उपल म्हणाले, "पट्ट अजून पुरा व्हायचा आहे. याचा हात तोडलात तर दुसरं टोक कोण धरणार?"

अभिषेक तोंडावर होता. राजाने नाइलाजाने मान हलवली. उपलांनी तुटलेले धागे गाठी मारून सांधले, गाठी पाठीमागच्या बाजूला दडवल्या आणि विणलेले टोक कमरेला बांधले. सोणकाने खांबाचे टोक सोडून आपल्या हाती घेतले. मग नेहमीप्रमाणे आचार्यांनी हात जोडले. या वेळी सोणकाला पाणी प्यायला जाता येत नव्हते. जन्मात पहिल्यांदाच त्याने ते पुटपुटणे ऐकले.

"जिने कापूस वेचला तिचे उपकार. जिने सूत कातलं तिचे उपकार. रंगाऱ्याचे उपकार. ज्यांनी मला पान फिरवायला शिकवलं त्या माझ्या गुरूंचे उपकार." आणि शेवटी, "माझ्या सोणकाचे उपकार. तो दुसरं टोक धरतो."

सोणकाला हुंदका आवरेना. "आचार्य, आज तरी माझं नाव घ्यायचं नव्हतं!"

"आजच कसं गाळू? टोक आजही तूच धरलंयस," उपल म्हणाले. "आणि रडतोस तर रड, पण ताण सैल पडतोय बघ."

पाने उलटी फिरू लागली. सोणक टोक जपून धरत, जपून सैल सोडत राहिला. गच्च बसलेला पीळ त्याच्या डोळ्यांदेखत सुटत गेला आणि पट्ट पुरा झाला.

दुसऱ्या दिवशी युवराजाच्या कपाळी पट्ट बांधला, तेव्हा राजाला दिसले की दोन्ही कानांकडून निघालेले हंस कपाळाच्या मध्यावर एकमेकांना भेटायला आले आहेत. त्याने मध्यावरच्या दोन हंसांवरून बोट फिरवले आणि तो उपलांकडे वळला.

"आचार्य, राजपट्टकाराचं पद आजपासून तुमचं."

"पद नको महाराज. सोणकाचा हात द्या."

"त्या कृतघ्नाचा?"

"चुकला तो. पण माझ्या नावाने नगरात मिरवणारी प्रत्येक पट्टी त्याने माझ्यासोबत ताणून धरली आहे. एका दिवसाच्या चुकीसाठी मी ते विसरलो, तर त्याच्यात आणि माझ्यात फरक काय उरला?"

राजाने सोणकाला सोडले. गुरुशिष्य एकाच वाटेने घरी गेले. पुढे पट्टी मध्यावर आली तरी सोणक कधी जागचा उठला नाही. त्याचे हात टोकात गुंतलेले असत, म्हणून तो नुसती मान लववी.

एक भिक्षू आपल्या उपाध्यायांकडून सारे शिकून "यांनी मला काय शिकवले?" असे म्हणू लागला होता. त्याला जवळ बसवून शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, आपल्या पूर्वजन्मीची ही कथा सांगितली. ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा राजा म्हणजे आजचा माझा शिष्य आनंद. सोणक हा इथे मान खाली घालून बसला आहे. आणि उपल तो मीच. ज्याने घेतले त्याने आठवण ठेवावीच. पण ज्याने दिले त्यानेही घेणाऱ्याचे उपकार आठवावेत, तेव्हाच कृतज्ञता पुरी होते."

तो भिक्षू उठला आणि उपाध्यायांच्या कुटीकडे चालू लागला.