उलट्या पावलांचं पद

भक्तहो, कंबळनाथ महाराज त्या वर्षी नदीकाठच्या धोंडाळे गावी मुक्कामाला होते. घाटाच्या माथ्यावर त्यांच्या गुरूंची समाधी होती. पुण्यतिथीला तिथून पालखी निघे, आणि रीत अशी की नवं पद गायल्यावाचून पालखीला कुणी खांदा लावायचा नाही. त्या वर्षीचं पद महाराजांनी लहानूला रचायला सांगितलं.

लहानू दोर वळणारा. वस्ती गावकुसाबाहेर. अक्षरं त्याला कुणी शिकवली नव्हती. घाटाच्या पायऱ्यांवर कोरलेली दात्यांची नावं बघून बघून तो ती आपली आपण शिकला. बायको कोंडाई एका टोकाला लाकडी फिरकी फिरवी, आणि लहानू वाखाची, म्हणजे घायपाताच्या धाग्यांची, बट सोडत मागे मागे चालत जाई. चालता चालता त्याला पदं सुचत.

दामोदरशास्त्र्यांना हे झोंबलं. आजवर पदाचा मान त्यांच्या घरचा. भर पारावर ते म्हणाले, "लहानू, पद म्हणजे बैलाचा कासरा नव्हे. त्याला बैठक लागते, हातात बोरू लागतो. तू खेकड्यासारखा उलटा चालणार आणि सरस्वती तुझ्यामागे धावत येणार होय रे?"

पार हसला. शास्त्री पुढे म्हणाले, "पद पुरं झालं नाही, तर मान कायमचा आमच्या घरी. आणि तुझ्या वस्तीनं पालखी लांबूनच बघायची."

माणसाला शिकवायचं नाही, आणि वर तो शिकला नाही म्हणून हसायचं! असल्या विद्वत्तेला मी विद्या म्हणत नाही. कुणाला राग आला तर येवो.

पण लहानूची चूक अशी, की त्याला ते खरं वाटलं. त्यानं फिरकी खुंटीला टांगली. पाट मांडला, शाई केली, शास्त्र्यांसारखी मांडी घालून बसला. ओळ लिहायची, खोडायची. आठ दिवस गेले. कागद काळा झाला, पद काही झालं नाही. शेवटी तो महाराजांपुढे जाऊन रडला.

"म्हाराज, माझ्या तोंडाला कुलूप लागलं. पद दुसऱ्याला द्या."

महाराज कडाडले, "कुलूप तोंडाला नाही, पायांना लागलंय! दुसऱ्याची मांडी घालून बसलास, मग तुझी वाणी येईल कुठून? ऊठ. दोर वळ."

"आन वंगाळ ओळ आली तर?"

"येऊ दे. मोठ्यानं म्हण, कोंडाईला ऐकव. दोराचा पहिला हातभर तुकडा वेडावाकडाच होतो ना? म्हणून दोर वळायचा सोडतोस का?"

"न्हाई जी. मागनं कापून टाकतो."

"आणि हातातली बट पुरती संपल्यावर दुसरी जोडतोस?"

"संपायच्या आत जोडावी लागती म्हाराज. न्हाईतर दोर तुटतो."

"मग रोज पुढचा शब्द मनात थोडा शिल्लक असतानाच थांब. उद्या तिथंच जोड. जा!"

चार दिवस उरले होते. लहानू उजाडताच वळायला उभा राहू लागला. सुचो न सुचो, पाय थांबवायचे नाहीत, असं त्यानं ठरवलं.

"अवो, ही ओळ नुसता भुसा हाय," कोंडाई म्हणे. "चला पुढं."

"पुढं कुठं, मागंच चाललोय की!" तो म्हणे, आणि दोघं हसत. असं करता करता अर्धं पद हाती आलं. पण पुण्यतिथी उजाडली तरी उरलेलं अर्धं येईना.

समाधीपुढे सारा गाव जमला. लहानूनं हात जोडून गायलं,

मागे मागे जातो । दोर वाढे पुढे ।
कोठे खाच पडे । ठावे नाही ॥

आणि थांबला. शास्त्री घाटाच्या कडेला उभे होते. "अर्ध्या पदावर पालखी उठत नाही!" ते ओरडले. वस्तीची माणसं माना खाली घालून निघू लागली.

महाराज आसनावरून उठले. त्यांनी लहानूच्या खांद्यावरच्या वाखाचं एक टोक स्वतःच्या हाती धरलं, बाकीचा वाख लहानूच्या हाती दिला. "वळ. मी इथं आहे."

लहानू डोळे मिटून वळू लागला. एक पाऊल मागे, दुसरं पाऊल मागे. ओळ म्हणतोय, मोडतोय, पुन्हा म्हणतोय. मागे घाटाच्या उभ्या पायऱ्या! कोंडाई किंचाळली, "अवो, मागं बघा!" पण त्याचा पाय केव्हाच अधांतरी गेला होता.

आणि त्याच क्षणी त्याच्या पाठीला कुणाचा तरी तळहात लागला. रुंद, उबदार. त्यानं लहानूला अलगद वर लोटलं. लहानूचा कंठ मोकळा झाला,

पाठीला या डोळे । नाही दिले देवा ।
म्हणुनी विसावा । तुझा पाठी ॥

धन्य तो लहानू! वस्तीनं असा गजर केला की नदीपलीकडची गुरं माना वर करून बघू लागली.

शास्त्री मात्र पांढरेफटक पडले होते. ते अडखळत पुढे आले. "महाराज, दोराचं टोक धरून तुम्ही वर उभे होता. आणि खालच्या पायरीवर, त्याच्या पाठीशी, तेही तुम्हीच होता. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं!" ते पायांवर वाकले.

महाराजांनी पाय मागे घेतले. म्हणाले, "शास्त्रीबुवा, तुम्ही मला कुठं हसला होता?"

मग दामोदरशास्त्री वळले, आणि सगळ्यांदेखत त्यांनी लहानूच्या धुळीनं भरलेल्या पायांवर डोकं ठेवलं.

लहानूनं त्यांना दंडाला धरून उठवलं.

"उठा बुवा. पालखीला एक खांदा कमी पडतोय."