तुंगेची करंडी

फार पूर्वी शंखपुरात धृतिमान राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका गाडीवानाच्या घरी जन्माला आला. त्याचे नाव पूर्णक. मोठा झाल्यावर तो बारा गाड्यांचा तांडा घेऊन समुद्राकाठच्या वेलापुरास जाई. जाताना शंखपूरची विड्याची पाने नेई, येताना तिकडचे मीठ आणी.

त्या मुलखातल्या पाच नगरांचा तेव्हा एक मेळ होता आणि मेळाची मुद्रा एकच होती. एका नगरात करंडीवर मातीचा ठसा उमटला की बाकीच्या चार नगरांच्या वेशीवर तिला कोणी हात लावायचा नाही. शंखपूरचे सगळे सुख त्या ठशात होते. कारण पान हा मालच तसा. ओल्या फडक्यात गुंडाळायचे, केळीच्या पानात झाकायचे, करंडीत दाबून बसवायचे. वाटेत करंडी उघडली, वारा लागला, की संध्याकाळपर्यंत पान काळे. धान्य मुठीत घेऊन पाहता येते, कापड उलगडून पाहता येते. पान पाहू गेलात की गेलेच.

पण रोजची सोय कोणाला दिसते? लोकांना दिसत होते ते मीठ. वेलापूरचे लोक वजन वाढावे म्हणून मिठावर पाणी शिंपडतात, अशी बोलवा उठली. शिंपडताना कोणी पाहिले नव्हते. ऐकले मात्र सगळ्यांनी होते.

त्या नगरात तुंगा नावाची एक पानमळेवाली होती. पान खुडताना अंगठ्यात लोखंडी नखी घालतात, तिच्यासारखीच हिची जीभ. तिचा मळा कालव्याच्या शेपटाला होता. वरचे बारा मळे भिजले की उरलेसुरले पाणी तिच्या वेलींना मिळे, तेही कधी मिळे, कधी नाही. त्यामुळे आपल्या आधी कोणीतरी पिऊन घेतो, ही गोष्ट तिच्या मनात पक्की बसली होती. कालव्याचे खरे होते, पण ती तेच सगळ्या जगाला लावी.

"मीठ कसलं गं ते!" ती बांधावरून शेजारच्या रोहेला ओरडून सांगे. "आपण हिरवीगार पानं द्यायची, आणि त्यांनी आपल्याला समुद्र विकायचा!"

"मग करायचं काय?"

"निघायचं त्या मेळातून. आपली वेस, आपला ठसा, आपलं राज्य."

असे बोलणारे वाढत गेले. शेवटी राजाने दवंडी पिटवली. राजवाड्यापुढे रांजण ठेवला, आणि घरटी दोन काड्या वाटल्या. मेळात राहायचे त्याने पांढरी टाकावी, निघायचे त्याने काळी.

काड्या टाकण्याआधी पूर्णक सभेत उभा राहिला. तो म्हणाला, "मीठ ओलं असेल तर मेळाच्या पंचांपुढे नेऊ, वाळवून तोलायला लावू. त्यासाठी मेळ कशाला मोडायचा? तिकडच्या वेशीवर करंड्या उघडू लागले तर आपलं पान एक दिवस टिकायचं नाही."

तुंगा गर्दीतून ओरडली, "ह्याची लेक वेलापुरात दिलीय! बाप व्याह्यांच्या बाजूनं बोलणार नाही तर काय आपल्या?"

सभा खो खो हसली. पूर्णकाचे बोलणे त्या हसण्यात बुडाले ते बुडालेच. काळ्या काड्या जास्त निघाल्या, फार नाही, ओंजळभर.

निघायचे ठरले. पण कसे निघायचे, हे कोणी ठरवलेच नव्हते. पहिला अमात्य म्हणाला, एक पाय आत ठेवू. त्याला लोकांनी हाकलले. दुसरा म्हणाला, दोन्ही पाय बाहेर काढू. पण पाय ठेवायचे कुठे, ते त्याला सांगता येईना. तोही गेला. तिसरा आला कालसेन. तो म्हणाला, "आपण निघालोच नाही अजून. आपल्यातलेच काही आपल्याला धरून बसलेत." हे लोकांना पटले. दुसरे काहीतरी पटण्यापेक्षा हे सोपे होते.

इकडे वेलापूरच्या वेशीवर पहारेकरी लोखंडी सळया घेऊन उभे राहिले. शंखपूरचा माल म्हटला की खुपस सळई, उलट करंडी. पाने काळी पडू लागली, वेशीबाहेरच्या शेळ्या पाने खाऊन माजल्या. नगरात जो तो दुसऱ्याकडे तिरप्या नजरेने पाहू लागला. "तू कुठली काडी टाकली होतीस रे?" हा रामरामाच्या जागी प्रश्न झाला. काळीवाले म्हणत, पांढरीवाल्यांनीच आतून चहाडी करून सळया आणवल्या. पांढरीवाले म्हणत, रांजणात काड्या रात्रीत वाढल्या. शेवटी शेवटी तर माहेरी आलेल्या लेकी सासरी निघाल्या तरी त्यांची गाठोडी शंखपूरचेच शिपाई सोडून पाहू लागले.

आणि अशा दिवसांत पूर्णकाच्या गाड्या मात्र जात होत्या आणि येत होत्या. त्याची पाने वेलापुरात हिरवीच्या हिरवी पोचत होती.

कालसेनाने तुंगेला बोलावून घेतले. "तुंगाबाई, ह्या माणसाचा वेलापूरशी चोरटा करार आहे. तू त्याच्या तांड्याबरोबर जा. डोळ्यांनी बघ आणि भर सभेत सांग. सांगितलंस, की कालव्याची पहिली पाळी तुझी."

पहिली पाळी! त्या वर्षी वेली उतरवून नव्याने लावायच्या होत्या. त्यांना पाणी मिळाले तर मळा दहा वर्षे राहणार, नाही मिळाले तर महिन्यात वाळून काटक्या होणार. तुंगेला त्या दिवशी जेवणही गोड लागले नाही.

सकाळीच ती पूर्णकाच्या अंगणात गेली. "दादा, माझ्या दोन करंड्या घ्याल का? मीही येते संगतीनं."

"या की," पूर्णक म्हणाला. "एकच सांगा, करंडीत काय आहे? माझ्या गाडीतल्या मालाबद्दल मला वेशीवर बोलावं लागतं."

"पानं. ताजी. आणखी काय असणार?"

पण तसे नव्हते. वरचे दोन थर ताजे होते, तिसऱ्यात जुनी डागाळलेली पाने, आणि खाली पुन्हा ताजी. शंखपुरात सगळेच अशी करंडी भरत. त्याला 'पोट भरणे' म्हणत. तुंगेच्या सासूने तिला पोट भरायला शिकवले होते, सासूला तिच्या सासूने. त्याला खोटे म्हणतात, हे तिच्या कधी मनातही आले नव्हते.

तीन दिवसांची वाट. तुंगेने डोळ्याला डोळा म्हणून लावला नाही. पूर्णक बैलांना पाणी पाजू लागला की ती गाडीखाली वाकून पाही, काही लपवले आहे का. नदी उतरताना तो नावाड्याशी बोलला तर ही ओठांची हालचाल पाही. एकदा तो झाडामागे गेला तशी तीही दबकत मागे गेली, आणि लगेच लाजून परत आली. चोरटे असे काही सापडेना. तेव्हा तिला वाटले, फारच पक्का दिसतो.

चौथ्या दिवशी वेलापूरची वेस आली. तिथला नाकेदार भद्रसाल हातात सळई घेऊन ओट्यावर बसला होता. कोणी काही विचारायच्या आधीच पूर्णक बोलू लागला.

"सहावी आणि शेवटची सोडून सगळ्या गाड्या चांगल्या. सहावीतल्या चार करंड्यांना ऊन लागलंय, वरची पानं मलूल आहेत. शेवटच्या गाडीतली एक करंडी वायाच गेली, ती गुरांना घाला."

"जा," भद्रसाल म्हणाला. सळई त्याने उचललीसुद्धा नाही.

तुंगा पाहतच राहिली. "एवढंच?" तिच्या तोंडून निघून गेले.

भद्रसालाने तिच्याकडे पाहिले. "एवढंच कसं, बाई? आधी कितीतरी फेऱ्या ह्याची करंडी न् करंडी मी उलटी केली. ह्याचा माल माझ्या हातानं नासला. पण बोलेल तसंच निघायचं, वाईट म्हणाला तर वाईट, चांगलं म्हणाला तर चांगलं. मग मीच कंटाळलो. आता ह्याचं बोलणं म्हणजेच ठसा. ज्या दिवशी त्यात फरक निघेल त्या दिवसापासून हा माणूस ह्या वेशीतून आत येणार नाही, असं ठरलंय." मग त्याने कपाळाला आठी घातली. "तू नवी दिसतेस. तुझ्या करंड्या कुठल्या?"

"ह्या दोन. आमच्या नगरातल्या तुंगाबाई आहेत," पूर्णक म्हणाला. "बाई, तुम्हीच सांगा."

तुंगेला कळले, ह्याच्या गाडीत एक खोटी करंडी निघाली की हा बुडाला; पहिली पाळी इथे, आता बोलायच्या दोन शब्दांत आहे. ती म्हणाली, "ताजी आहेत."

"नवं माणूस. एक बघतो," म्हणून भद्रसालाने करंडी पुढे ओढली. पहिला थर हिरवा. दुसरा हिरवा. तिसऱ्या थरावर त्याचा हात थांबला.

"पूर्णका, दोष तिच्यावर टाक," भद्रसाल हळू आवाजात म्हणाला. "बंदी तिला लावतो. तू टाकला नाहीस तर बंदी तुला. आत तुझी लेक बाळंतपणाला टेकलीय, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

"मग?"

"ह्या बाई खोटं का बोलल्या ते मला माहीत नाही," पूर्णक म्हणाला. "पण करंडी माझ्या गाडीत होती. मी आत न पाहता गाडीत घेतली. माझ्या शब्दाखाली ती इथवर आली, तेव्हा चूक माझी." एवढे बोलून त्याने वेशीतून आत एकदा पाहिले, आणि गाड्या वळवायला बैलांच्या कासऱ्याला हात घातला.

तुंगा वाट पाहत होती. आता हा भद्रसालाला डोळा घालील. आता हळूच काही देईल. आता पुढे जाऊन माझ्याकडे बोट करील. दोघांच्या तोंडाकडे तिने आळीपाळीने पाहिले. डोळा घातला नाही. दिले-घेतले नाही. बैल वळले. तिला एकाएकी धाप लागली, जणू तीच गाडी ओढत होती.

"थांबा!" ती म्हणाली. "करंडी माझी आहे. पोट मी भरलंय. दुसरी पण तशीच आहे, उघडू नका, सांगते ना, तिसरा थर वाईट आहे. आणि ताजी म्हटलं ते ह्यांना बुडवायला म्हटलं. मला पाठवलंच होतं ह्यांचं काही वाईट शोधायला."

भद्रसालाने ती करंडी बाजूला सारली. मग म्हणाला, "शंखपूरची बाई स्वतःच्या करंडीचं वाईट सांगते, हे आज ऐकलं." त्याने बंदी तुंगेला लावली, एक वर्षाची, आणि गाड्या आत सोडल्या.

तीन दिवस ती वेशीबाहेर एका झाडाखाली बसून राहिली. तिची पाने शेळ्यांनी खाल्ली. चौथ्या दिवशी पूर्णक बाहेर आला. "नात झाली," एवढेच म्हणाला, आणि गाडीत तिच्यासाठी जागा केली. वाटेत तुंगाच एकदा बोलली, "मला शिव्या द्या की, दादा." पूर्णक म्हणाला, "त्यानं तुमची बंदी उठत असती तर दिल्या असत्या."

शंखपुरात सभा भरली. कालसेन म्हणाला, "तुंगाबाई, सांगा. करार काय आहे?"

तुंगेने सगळे सांगितले. आपली करंडी सांगितली, पोट भरणे सांगितले, पहिली पाळीसुद्धा सांगितली. मागून कोणीतरी ओरडले, "हिलापण विकत घेतली!" लगेच शंभर लोकांनी तेच धरले. "किती दिलं गं वेलापूरनं?" "तिथंच का नाही राहिलीस?" ज्या माणसांबरोबर ती पूर्णकाला हसली होती तीच माणसे तिच्याकडे बोटे करीत होती. पहिली पाळी कालसेनाने दुसऱ्याला दिली.

दोन वाफे वाळले. तिसरा वाळायला आला तेव्हा रोहा बांधावर येऊन उभी राहिली. "माझ्या पाळीतलं अर्धं पाणी घे," ती म्हणाली. "पण बाई, माझ्या करंड्यांचं सभेत काही बोलू नकोस."

"तुझ्या करंड्यांचं तूच बोल," तुंगा म्हणाली. पाणी मात्र तिने घेतले.

वर्ष सरल्यावर ती उरलेल्या वाफ्यांची पाने घेऊन वेलापुरास गेली. वेशीवर आता दुसराच नाकेदार होता. तिने सांगितले, "चार करंड्या, तीन ताज्या, चौथीत तळाला थोडी जून." त्याने चारही उलट्या केल्या. माल नासला. पुढच्या खेपेलाही तसेच. त्याच्या पुढच्या खेपेलाही. नगरातले लोक तिला वेडी म्हणू लागले. रोहेने मात्र पोट भरणे सोडले, आणि तिचे पाहून आणखी आठ-दहा मळेवाल्यांनी. असेच एकदा तुंगा वेशीवर उभी राहिली आणि नाकेदाराने विचारले, "काय आहे?" तिने सांगितले. त्याने सळई भिंतीला टेकवून मागच्या गाडीला हाक मारली.

मेळाने शंखपूरला परत घ्यायला पुढे नऊ वर्षे लावली. तोवर जी पाने गेली ती अशीच, माणसांच्या बोलण्यावर गेली.

ही गोष्ट शास्त्याने, म्हणजे पुढे बुद्ध झालेल्या त्या बोधिसत्त्वाने, श्रावस्तीला सांगितली. तिथल्या भिक्षुणींनी सामायिक कोठार मोडले होते आणि एकमेकींची पात्रे उघडून पाहू लागल्या होत्या, त्या दिवशी. गोष्ट संपल्यावर शास्ता म्हणाला, "सभेत ओरडणारे ते लोक म्हणजे आज कोठारावरून भांडणाऱ्या तुम्हीच. भद्रसाल म्हणजे कोठाराची किल्ली सांभाळणारी थेरी, तुमची वडील भिक्षुणी. रोहा म्हणजे ती भिक्षुणी, जी आज सकाळी कोणी न विचारताच स्वतःचे पात्र सगळ्यांसमोर उघडे ठेवून बसली. तुंगा म्हणजे भिक्षुणी पद्मा. ती मागे बसून रडते आहे, तिला रडू द्या. आणि पूर्णक गाडीवान मी होतो." मग त्याने सांगितले की त्या जन्मात आपण जी पारमिता, म्हणजे सद्गुणाची कमाल, पुरी केली ती सत्याची, दुसऱ्याचे खोटे उघडे पाडण्याची नव्हे, आपले वाईट आपण आधी सांगण्याची.