येसबा साचे करायला शिकला त्याची गोष्ट

एका गावात येसबा नावाचा एक भोळा तरुण होता. भोळा असं गाव म्हणे. ज्यांचं त्याच्या हातून नुकसान झालं होतं ते दुसरा शब्द वापरत.

येसबाचं लग्न ठरत आलं होतं. मुलगी त्याला पसंत होती आणि, नवल म्हणजे, मुलीलाही तो पसंत होता. अडून बसले होते मुलीचे वडील, दौलतराव. त्यांचं म्हणणं, आधी पोराच्या हातात काही कसब येऊ दे. रावजी मिस्त्री ज्या दिवशी "पोरगा कामाचा आहे" म्हणतील, त्या दिवशी सुपारी फोडू.

रावजी मिस्त्री तालुक्याच्या गावी लोखंडी साचे करत. त्यांच्या साच्यात पत्रा दाबला की चुन्याच्या डबीचं झाकण तयार होई. साचा केसभर चुकला तरी झाकण बसत नाही, म्हणून मिस्त्री मोजकंच बोलत. येसबाला त्यांनी शिकाऊ उमेदवार म्हणून ठेवून घेतलं आणि सांगितलं, साच्याच्या नकाशात जे जे आहे ते सगळं लोखंडात उतरलं पाहिजे.

येसबाने उतरवलं. काम सुरेख होतं. फक्त एका कोपऱ्यात एक गोल चर कोरलेला होता.

"हा कशाचा?" मिस्त्रींनी विचारलं.

"नकाशात आहे."

नकाशात होता खरा. मिस्त्रींनी आदल्या दिवशी त्यावर चहाचा पेला ठेवला होता.

"अरे शहाण्या, डाग दिसला की आधी तो पुसायचा. मग कामाला हात घालायचा."

"असं होय. आता ध्यानात ठेवतो," येसबा म्हणाला. आणि ठेवलं. सांगितलेलं तो कधी विसरत नसे. तीच तर पंचाईत होती.

मग मिस्त्रींनी सकाळभर खपून पोलादाच्या नव्या ठोकळ्यावर निळा रंग दिला, कुठे कापायचं त्याच्या बारीक रेघा सुईने त्यावर आखल्या आणि ते जेवायला गेले. येऊन बघतात तर ठोकळा लख्ख. शेजारी येसबा, हातात रॉकेलचा बोळा.

"फार डाग होते," तो म्हणाला. "बरं झालं, मी होतो."

मिस्त्री तांब्याभर पाणी प्यायले. मग त्यांनी समजावलं, की लोखंडावरची खूण पुसायची नसते. उलट तिच्यावर टोच्याने ठिपके ठोकायचे, म्हणजे ती पक्की होते.

"असं होय. आता ध्यानात ठेवतो."

यथावकाश मिस्त्रींनीच साचा पुरा केला. डबीवाल्या गिऱ्हाईकाने तो उलटसुलट पाहिला, खूश होऊन त्यावर खडूने बरोबरची खूण केली आणि ते रिक्षा आणायला गेलं. तेवढ्यात येसबाने खूण पक्की केली. टक, टक, टक. आता ती जन्मात पुसणार नव्हती आणि प्रत्येक झाकणावर उमटणार होती. गिऱ्हाईक रिकाम्या रिक्षातून परत गेलं.

मिस्त्रींनी तो साचा भंगारात टाकला.

"येसबा, माल तयार झाला की त्याला हात लावायचा नाही. लांबून बघायचं."

"असं होय. आता ध्यानात ठेवतो."

पुन्हा साचा घडला. त्याचा वरचा तुकडा कडक करायला भट्टीत घातला आणि येसबाला राखणीला बसवून मिस्त्री दाराशी कुणाशी तरी बोलत उभे राहिले. तुकडा लाल झाला. पांढरा झाला. मग त्याच्या कडा गळू लागल्या. येसबा लांबून कौतुकाने बघत होता.

"तयार झाला होता ना, म्हणून हात नाही लावला."

त्या दिवशी मिस्त्री आयुष्यातलं सगळ्यात लांब भाषण बोलले.

"हे बघ बाबा. पिकल्या मिरचीसारखा लाल रंग चढला की थांबायचं नाही. कुणाला विचारायचं नाही. धरायचं आणि तेलाच्या पिंपात बुडवायचं. बाहेर काढून तडा गेला नाही ना ते बघायचं आणि कानस फिरवायची. न खरवडता कानस घसरली तर समज, माल कडक झाला. उशीर केलास तर माल वाया."

"असं होय. आता ध्यानात ठेवतो."

दुसऱ्या दिवशी मिस्त्री नवं पोलाद आणायला गेले. भट्टी बंद होती, पिंपातलं तेल गार होतं. हे एक दैव. कारण नेमके तेव्हाच दौलतराव चौकशीला आले. काय काय शिकलास, असं त्यांनी विचारलं. खोटं बोलायचं येसबाला कुणी शिकवलं नव्हतं. त्याने सगळं क्रमाने सांगितलं.

चहाच्या पेल्यापाशी दौलतरावांचे कान तांबूस झाले. निळ्या रंगापाशी मान. खडूच्या खुणेपाशी नाक. आणि गळालेल्या तुकड्यापाशी रंग थेट टकलापर्यंत चढला.

"आणि असल्याला मी माझी पोरगी देऊ?"

येसबाचं बोलण्याकडे लक्ष नव्हतं. तो रंग बघत होता. हुबेहूब पिकली मिरची. थांबायचं नव्हतं, विचारायचं नव्हतं. आणि लग्न ज्यांच्या हातात, ते दौलतराव त्याला वाया जाऊ द्यायचे नव्हते.

मिस्त्री परतले तेव्हा दौलतराव पिंपाशेजारी बसले होते. मिशांतून तेल ठिबकत होतं. येसबाने त्यांचं डोकं बगलेत घट्ट धरलं होतं.

"मिस्त्री, अगदी वेळेवर आलात," तो समाधानाने म्हणाला. "तडा कुठे गेला नाही. आता तेवढे मामांचे पाय धरा, म्हणजे कानस फिरवून बघतो."