मलुशेटचा ओटा

या बाजूला या, वेशीच्या सावलीत. समोर तो काळ्या दगडाचा ओटा दिसतो आहे, त्याला छप्पर नाही, त्यावर शेंदूर नाही, दिवा नाही. खैरापुरात त्याला मलुशेटचा ओटा म्हणतात. त्याला कुणी हात जोडत नाही आणि कुणी लाथही मारत नाही. फोटो काढायचा तर काढा, पण वर बसू नका. का, ते सांगतो.

किल्लेदाराच्या अमलातली ही गोष्ट. साल कुणाला ठाऊक नाही. तेव्हा खैरापूर कोष्ट्यांचं शहर होतं. वेशीच्या आत जेवढी घरं तेवढे माग, असं सांगतात. सगळ्यांची देवी चौंडेश्वरी, सगळ्यांची बोली एक, आणि पेठेचा शेटे एक, तो मलुशेट. शेटे म्हणजे बाजाराचा मुख्य. त्यानं नारळ फोडल्याशिवाय बाजार भरत नसे. माणूस वाईट नव्हता म्हणे. कुणाचा माग बंद पडला तर स्वतः त्याच्या घरी सूत पोचवायचा. पण हे शहर आपल्या वाडवडलांनी वसवलं आणि ते आपल्याच माणसांचं राहायला हवं, हे त्याच्या डोक्यात खिळा ठोकल्यासारखं बसलं होतं.

एका वर्षी तेलंगणात दुष्काळ पडला. तिकडचे विणकर मागाची लाकडं डोक्यावर घेऊन, म्हाताऱ्यांना पाठुंगळी मारून इकडे आले. त्यांचा पुढारी एल्लय्या, आणि त्याची विधवा बहीण नरसव्वा. किल्लेदाराला फौजेच्या तंबूंसाठी कापड हवं होतं. त्यानं या पूर्व वेशीच्या आतली एक ओसाड आळी त्यांना देऊन टाकली. शेटेला विचारलंही नाही.

शहराला ते आवडलं नाही. त्यांची बोली कुणाला कळत नव्हती, म्हणून ते आपल्यालाच शिव्या देतात असं लोकांना वाटायचं. त्यांच्या चुलीवरच्या चिंचेच्या आणि मिरचीच्या वासानं बायका नाकाला पदर लावत. पेठेतल्या आडावर त्यांना पाणी भरू देत नसत, नदीवर जावं लागे. कोष्ट्यांची मुलं त्यांच्या मुलांना दगड मारत आणि कुणी त्या मुलांना रागावत नसे.

मलुशेट किल्लेदाराकडे दोनदा जाऊन आला. ही माणसं हलवा, नाहीतर पेठ बंद ठेवतो, असं त्यानं सांगितलं. किल्लेदारानं ऐकून घेतलं आणि काही केलं नाही. मग शेटेनं आपल्या पद्धतीनं करायचं ठरवलं. एल्लय्याच्या लोकांनी खळ लावलेले ताणे, म्हणजे मागावर चढवायचे उभे धागे, नदीकाठच्या वाळूवर लांबवर पसरून वाळत घातले होते. सगळ्या आळीची मेहनत तिथे उन्हात होती. मलुशेटच्या माणसांनी त्यावरून बैल हाकले.

एल्लय्या दांडकं घेऊन धावला. नरसव्वेनं त्याला कमरेला धरून मागे ओढलं. रडारड झाली, पण मारामारी झाली नाही. दुसऱ्या दिवशी ही माणसं गाशा गुंडाळताना दिसतील म्हणून मलुशेट स्वतः नदीवर गेला. पाहतो तर सगळी आळी वाळूत बसून तुटलेला एकेक धागा सांधते आहे. नरसव्वेनं मान वर केली. तिला मोडकीतोडकी मराठी येऊ लागली होती.

"शेट, तुम्ही तोडलं, आम्ही जोडतो," ती म्हणाली. "उद्या परत तोडा. पण जायला आम्हाला गाव नाही."

ती हे भांडून बोलली असती तर पुढचं घडलं नसतं, असं जुनी माणसं सांगत. तिच्या शांतपणानं मलुशेटच्या अंगाची आग झाली. तो तडक देवळात गेला, चौंडेश्वरीपुढचा भंडारा मुठीत घेतला आणि साऱ्या पेठेला या वेशीत बोलावलं. सगळ्यांसमोर त्यानं शपथ घेतली की यांच्यातला शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत मी या वेशीच्या आत पाऊल टाकणार नाही आणि डोक्यावर छप्पर घेणार नाही. भंडारा कपाळाला लावला, बाहेर आला आणि या ओट्यावर बसला.

तो एकटा नव्हता. पेठेतले अर्धे कर्ते पुरुष त्याच्याबरोबर बाहेर येऊन बसले. बाजार बंद पडला. महिनाभरात किल्लेदार वाकेल, असं सगळ्यांना वाटत होतं. पण किल्लेदारानं आपल्या कारकुनाच्या हातून नारळ फोडून घेतला आणि बाजार सुरू केला. मग ओट्याभोवतीची माणसं कमी होऊ लागली. कुणी म्हणे आई आजारी आहे, कुणी म्हणे मागाला वाळवी लागेल. पावसाळा तोंडावर आला तेव्हा मलुशेट एकटाच उरला होता.

त्याची बायको येसाई रोज भाकरी घेऊन यायची. ती ओट्याच्या खालच्या दगडावर बसायची आणि तो जेवायचा. पावसात त्याच्या डोक्यावर घोंगडी धरायला गेली तर तो हात झटकायचा. अशी वर्षं गेली. एकदाच ती बोलली म्हणे.

"राग तुमचा त्यांच्यावर," ती म्हणाली, "आणि नवरा असून रांडवपण माझ्या वाट्याला."

"ते गेले की येईन," तो म्हणाला.

ते गेले नाहीत. उलट वाढले. पेठेतले काही कोष्टी दुसऱ्या बाजारपेठांकडे गेले, त्यांची घरं तेलुगू विणकरांनी घेतली. येसाईच्या शेजारची भिंत नरसव्वेच्या घराची झाली. येसाई तापानं अंथरुणाला खिळली तेव्हा मुलगा रायाजी सुताच्या खरेदीला बाहेरगावी होता. नरसव्वेनंच तिला पेज पाजली, तिचं अंग पुसलं. हे मलुशेटच्या कानावर आलं. त्यानं आत निरोप पाठवला की त्या घरचं पाणी घेऊ नकोस. येसाईनं उलट निरोप दिला की तुम्ही आणून द्या, तुमचं घेईन.

तो गेला नाही. रायाजी परतला त्याच दिवशी ती गेली.

तिरडी याच वेशीकडे आली, नदीचा रस्ता हाच. मलुशेट ओट्यावरून उठून वेशीच्या उंबऱ्यापर्यंत आला. पुढच्या दोन खांद्यांत एक रायाजीचा होता आणि एक एल्लय्याचा. मलुशेटनं दोन्ही हात आडवे केले. त्यानं एल्लय्याला खांदा काढायला सांगितलं. माझ्या बायकोला यांचा हात लागणार नाही, म्हणाला. रायाजीनं तिरडी खाली ठेवायला लावली, उंबऱ्याच्या आत, हातभर अंतरावर.

"बाबा, तो खांदा काढेल," रायाजी म्हणाला. "त्या जागी तुम्ही द्या. या आत."

सगळी पेठ मागे उभी होती, कोष्टीही आणि तेलुगूही. मलुशेट उंबऱ्याशी उभा राहिला. एकदा त्यानं पाऊल उचललंही म्हणे. मग ते जिथं होतं तिथंच टेकवलं.

रायाजीनं आणखी थोडा वेळ वाट पाहिली. मग तिरडी उचलून मागे फिरवली. येसाईला सबंध शहरातून उलटी नेली आणि पश्चिम वेशीतून बाहेर काढली. मलुशेटला तिची चिताही पाहायला मिळाली नाही. तटाला वळसा घालून जायचं म्हटलं असतं तर जाता आलं असतं. तो गेला नाही. ओट्यावर जाऊन बसला.

त्यानंतर शहरात आणखी माणसं आली. उत्तरेकडून मोमीन विणकर आले, तटाची डागडुजी करायला वडार आले, सुताचे गुजराती व्यापारी आले. सगळे या ओट्यावरूनच आत गेले, आणि प्रत्येक वेळी मलुशेट तोंड फिरवून बसला. भाकरी रायाजीच्या घरून यायची, पण आणणाऱ्याशी तो बोलत नसे. शेवटी शेवटी वेशीवर एक नवा शिपाई नेमला. त्यानं या म्हाताऱ्याला पाहून सहज विचारलं, "बाबा, कुठले तुम्ही? शहरात कुणी ओळखीचं आहे का?"

मलुशेट ओट्यावर वळला आणि त्याच्याकडे पाठ करून बसला.

थंडीतल्या एका सकाळी तो बसल्या जागी मेलेला सापडला, वेशीकडे पाठ करून. जुन्या कोष्ट्यांनी ठरवलं की शेटेला मानानं आत न्यायचं, देवीपुढे ठेवायचं. रायाजीनं नेऊ दिलं नाही. ती माणसं अजून आत आहेत, वडलांचा शब्द मोडणार नाही, एवढंच म्हणाला. हे तो भक्तीनं म्हणाला की सुडानं, यावर अजूनही दोन मतं आहेत. मलुशेटला इथूनच नदीवर नेलं. एल्लय्याची माणसं लांब उभी राहून बघत होती. त्यांना कुणी बोलावलं नाही आणि तीही पुढे आली नाहीत.

आजही पूर्व वेशीतून तिरडी जात नाही. घर वेशीला लागून असो, माणूस कुठल्याही जातीधर्माचा असो, शहराला वळसा घालून पश्चिमेनंच नेतात. आणि आजही ओट्यावर बसणारे अधूनमधून निघतात. गेल्या वर्षी पाचसहा जण उपोषणाला बसले होते. बिहारकडून आलेले गवंडी आणि फरशीवाले शहराबाहेर काढा, अशी मागणी होती. पुढे बसलेला तरुण एल्लय्याच्या घराण्यातला, आमच्याच गल्लीतला. मी त्याला ही सगळी हकिगत ऐकवली. त्यानं ती लहानपणापासून ऐकलेली होती.

"ते वेगळं, काका," तो म्हणाला. "आम्ही मूळचे इथले."