नवव्या मजल्यावरचा बुडबुडा

पाणसळीचं कुणी खरं मानलं नाही. सख्ख्या आईने नाही, पाठच्या बहिणीने नाही, आणि ज्यांना खरंखोटं पाहण्यासाठीच नेमलं होतं त्यांनी तर मुळीच नाही.

त्या राज्यात औजारं राहत. जो ठोकतो, कापतो, भोक पाडतो तो कामाचा, बाकी सगळी अडगळ, असा तिथला साधा हिशोब. कोवळ्या औजारांसाठी एक मोठी कर्मशाळा होती. चार वर्षं तिथे घासून निघालं की करवतीला दात येत, गिरमिटाला पीळ बसे आणि दोघं थेट बांधकामावर जात. त्याच कर्मशाळेच्या मागच्या अंगाला, भंगाराच्या खोलीला लागून, आणखी एक खोली होती. तिथे कुणाला धार लावत नसत. आढ्याला एक म्हातारा ओळंबा टांगलेला असे. सुतळीच्या टोकाला लोखंडी गोळा, एवढाच त्याचा देह. समोर सगळे त्याला गुरुजी म्हणत. पाठ वळली की हसत.

पाणसळ त्या खोलीत शिकायला गेली. ती म्हणजे एक लाकडी पट्टी. पोटात काचेची नळी, नळीत पाणी, पाण्यात तांदळाएवढा बुडबुडा. तिची आई थापी. तिने जन्मभर दुसऱ्यांच्या भिंतींना गिलावा केला होता, आणि भेगा बुजवायची तिला इतकी सवय झाली होती की बोलतानाही ती तेच करी.

"काय शिकवलं आज?" थापी विचारी.

"हलणं थांबेपर्यंत बोलायचं नाही."

"आणि थांबल्यावर?"

"मग जे दिसतं ते सांगायचं. तिरकं दिसलं तर आधी आपण उलट फिरायचं. बुडबुडा आपल्याच त्या टोकाला चिकटून राहिला तर खोट आपल्यात. जागेच्या त्याच बाजूला पळाला तर खोट जागेत."

"एवढ्याला चार वर्षं? अगं, हातोडी तुझ्याहून धाकटी, मनोऱ्यावर चढली ती. बायका विचारतात, थोरली काय करते? काय सांगू? थांबते म्हणून सांगू?"

पाणसळ बुडबुडा स्थिरावेपर्यंत थांबे. तेही शिकण्यातलंच होतं.

त्या राज्यात सांडलेलं पाणी नेहमी उगवतीकडे धावे. पाण्याचा स्वभावच तो, असं पहिल्याच धड्यात पाठ करून घेत. बांधायची रीतही ठरलेली होती. नव्या भिंतीचं माप जुन्या भिंतीवरून घ्यायचं, जुनीचं तिच्या आधीच्या भिंतीवरून. असं मागे मागे जात सगळं थोरल्या भिंतीपाशी पोचे. ती राज्यातली पहिली भिंत. तिला दरवर्षी हळदकुंकू लागे. बांधकामाचे मुख्य होते काटकोनी अंगाचे गुण्यासाहेब. भिंत आणि जमीन यांच्या कोनात जाऊन ते स्वतः टेकत, काटकोन जुळला की मान डोलवत, आणि पुढचा थर चढे.

असे नऊ मजले चढले. आता मनोऱ्यावर कळस बसायचा होता. तो इतका जड होता की त्याला बारा कप्प्या लागणार होत्या. कळसाखालची शेवटची पाचर ठोकायचा मान हातोडीला मिळाला होता.

आदल्या दिवशी दुपारी पाणसळ बहिणीला तेलाचा बोळा द्यायला वर गेली. दम लागला म्हणून नवव्या मजल्यावर जरा आडवी झाली. बुडबुडा मावळतीकडे सरकला. हलणं थांबेपर्यंत ती थांबली, मग उलट फिरली. बुडबुडा पुन्हा मावळतीकडेच गेला.

आठव्या मजल्यावर तेच. पाचव्यावर तेच. खाली जमिनीवर, थोरल्या भिंतीच्या पायथ्याशीही तेच.

तिला आधी भीती वाटली नाही. आधी ती बघतच राहिली. घरं, ओटे, रस्ते, जिच्यावर ती लहानाची मोठी झाली ती फळीसुद्धा, सगळं एकाच अंगाला झुकलं होतं. आणि सगळंच सारखं झुकलं होतं म्हणून इतक्या पिढ्या कुणाला कळलंच नव्हतं. एवढ्या मोठ्या राज्याच्या विरुद्ध तिच्या पोटातला तांदळाएवढा बुडबुडा एकटा उभा होता, आणि डगमगत नव्हता.

मग तिला वर कळसाखाली उभी राहणारी बहीण आठवली, आणि ती धावली.

"काटकोन आहे," गुण्यासाहेब म्हणाले. "मी स्वतः टेकून पाहिलाय."

"भिंत कशाला धरून लावली?"

"जमिनीला."

"आणि जमीन?"

"भिंतीला." साहेब थोडे चिडले. "मुली, तुझ्या डोक्यात हवा आहे."

सगळे खो खो हसले. हवा होतीच, पण पोटात. थापीने लेकीला बाजूला ओढलं. "उगाच भेगा पाडू नकोस." हातोडी तर रडवेली झाली. "ताई, उद्या माझा दिवस आहे. तेवढा तरी जाऊ दे."

पाणसळ गुरुजींकडे गेली. त्यांनी एकच विचारलं, "फिरून पाहिलंस?"

"प्रत्येक मजल्यावर."

गोळा झुलायचा थांबेपर्यंत ते थांबले. मग म्हणाले, "मला तिथे ने."

सकाळी सगळं राज्य मनोऱ्याखाली जमलं. कप्प्या ताणल्या गेल्या. गुरुजींना घेऊन पाणसळ वर बहिणीपाशी पोचली. "कळस बसव, मी अडवत नाही. आधी उगवतीच्या कडेला एक खिळा ठोक. एवढंच कर."

"एकच," हातोडी म्हणाली, आणि धुसफुसत तिने ठोकला.

गुरुजी त्या खिळ्यावरून सुतळीने खाली उतरले. नऊ मजले उतरले. वाऱ्याने झुलत होते. "म्हातारा झोके घेतोय," गिरमिट ओरडलं, तशी गर्दी हसली. झोका लहान झाला. हसू विरलं. झोका आणखी लहान झाला, आणि मग गोळा थांबला.

वर सुतळी भिंतीला टेकली होती. खाली सुतळी आणि भिंत यांच्या मधून आख्खी करवत आडवी जाईल एवढी फट होती. करवत पुढे आली, फटीत आडवी मावली, आणि मान खाली घालून बाहेर आली. थापी आयुष्यात पहिल्यांदा भेगेसमोर उभी होती आणि बुजवत नव्हती. वरून हातोडी हळूहळू उतरली आणि पाणसळीला बिलगून उभी राहिली.

कळस न बसवताच खाली उतरवला.

"दोष कुणाचा?" गुण्यासाहेबांनी विचारलं. त्यांचा आवाज काटकोनात राहिला नव्हता. रंध्याने करवतीकडे दाखवलं, करवतीने साहेबांकडे, साहेबांनी जुन्या भिंतीकडे. बोटं मागे मागे जात थोरल्या भिंतीपाशी थांबली. तिला सरळ कोण म्हणालं होतं, ते कुणालाच आठवेना.

"ती भिंत उभी राहिली त्या दिवशी वारा होता," गुरुजी म्हणाले. "सगळ्यांना घाई होती. मला विचारलं, सरळ आहे का. मी अजून हलत होतो. तरी हो म्हणालो."

पाणसळीचा बुडबुडा थरथरला. गुरुजी मात्र हलले नाहीत.

दोष कुणाचा ते लिहायला खडू पुढे झाला. "नाव काय घालू? गुरुजी म्हणून चालायचं नाही."

"खरं घाल."

खडूने मनोऱ्याच्या बाजूच्या तिरक्या भिंतीवर, सुतळीला धरून, वरून खाली एकेक अक्षर काढलं. त्या राज्यातली ती पहिली सरळ ओळ.

ओळंबा.