जकातीची साडी

जकात, म्हणजे ऐपतदार मुसलमानाने दरवर्षी द्यायलाच हवं असं दान, हा गरिबांचा हक्क, ती मेहेरबानी नव्हे. पण इसाकशेठच्या कापडदुकानात दर रमजानला ‘जकातीच्या साड्यां’चा वेगळा गठ्ठा येतो, सगळ्यात रद्दी मालाचा. वर हा माणूस विधवांना मशिदीसमोर उन्हात ताटकळत ठेवतो, साडी देताना फोटो काढून घेतो आणि स्वतःच्या दानतीवर भाषण ठोकतो.

यंदा विधवा जुलेखाबीने तिची साडी मुकाट घेतली. ईदनंतर शेठच्या मुलीचा निकाह होता. भरल्या मांडवात जुलेखाबीने तीच साडी, घडीही न मोडता, शेठच्या हातात ठेवली.

“पोरीला आमच्याकडून आहेर.”

शेठने ती उलगडली आणि त्याचं डोकं फिरलं. “ही जाळी माझ्या मुलीला? आरपार दिसतंय यातून. अशी साडी कुणी कुणाला देतं का?”

जुलेखाबी शेजारी बसलेल्या काझींकडे वळली.

“काझीसाहेब, ऐकलंत ना? रमजानमध्ये शेठनीच मला ही जकात म्हणून दिली होती. आता तेच म्हणतात, ही देण्यासारखी नाही. म्हणजे यांची जकात अजून द्यायची राहिलीय.”